फ्रेंच मी शिकलो, परदेशी गेलं पुस्तक

मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगायची तर माणसाला निदान तोंड हवं. मला मानेच्या वर काहीच नाही. तिथे एक गुळगुळीत लाकडी बोंड आहे आणि त्यावर मोजमापाची टेप लटकते. तरीही मी सांगणार आहे. डोकं असलेल्या पुष्कळांनी आजवर आपापल्या गोष्टी सांगितल्या, त्याने फारसा फरक पडलेला मला दिसत नाही.

मी लेडीज टेलरच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. छाती छत्तीस, कंबर अठ्ठावीस, पाय एक. व्याकरणाने मी पुल्लिंगी आणि बांध्याने बाईमाणूस. याबद्दल मला कधी कोणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. आधी कागदाचा लगदा, त्यावर कापूस, त्यावर जाड कापड ताणून शिवलेलं. आमच्या तुकडीत आम्ही चाळीस जण होतो. डोकी शेजारच्या खोलीत बनायची. त्या आठवड्यात डोक्यांचा कारागीर बहिणीकडे राहायला गेला होता, म्हणून आम्ही चाळीसही जण तसेच गाडीत चढलो. भावंडं म्हणून कोणी कोणाला ओळखलं नाही. उद्या समोर आलो तरी ओळखणार नाही, पण त्यात कोणाचा दोष नाही.

मला ज्यांनी विकत आणलं त्यांना सगळे टेलरकाकू म्हणतात. दुकान एका खोलीचं. मधोमध मी. माझ्या एका बाजूला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या बाजूला खिडकी, खिडकीखाली काजबटणं करणारी मावशी. तिला सगळे काजवाली म्हणतात. सुईचं टोक आणि तिची जीभ यांत सुई बोथट. इस्त्रीच्या टेबलामागे काकूंचे यजमान, म्हणजे काका. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते दुकानात कपड्यांना इस्त्री करतात आणि काकू काहीही म्हणाल्या तरी गप्प राहतात. दोन्ही कामं ते मन लावून करतात.

तेवीस वर्षं काकू माझ्याशी बोलत आल्या. तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. टाचण्या तोंडात असल्या की माणूस फक्त खरं बोलतो, कारण खोटं बोलायला ओठ जास्त हलवावे लागतात. कोणत्या गिऱ्हाइकाची कंबर वाढली आणि ती कबूल करत नाही, मुलीचं लक्ष अभ्यासात आहे की नाही, काकांचं घोरणं कोणत्या पट्टीत आहे, हे सगळं मला आधी कळायचं. काकूंची मुलगी माझ्या पायाशी चिंध्यांच्या ढिगात झोपून मोठी झाली. शाळेतून आली की दप्तर माझ्या खांद्याला अडकवायची. पुढे ती शिकली आणि परदेशी गेली. तिथल्या एका संग्रहालयात ती दोनशे वर्षांपूर्वीचे कपडे दुरुस्त करते. काकूंना याचा अभिमान आहे, पण ते कपडे दोनशे वर्षांत कोणी न्यायला कसे आले नाहीत, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

मग दर्शनी काचेत नवा पुतळा आला. ती बाई आहे. तिला डोकं आहे, डोक्याला केस आहेत, डोळ्यांना पापण्या आहेत. कपडे माझ्या अंगावर होतात आणि तिच्या अंगावर मिरवतात. टाचण्या मला, कौतुक तिला. रस्त्यावरून जाणारे थांबून म्हणायचे, काय सुंदर बसलाय झगा. तो तिला बसावा म्हणून माझ्या पोटात सतरा टाचण्या गेल्या होत्या, हे कोणाला माहीत? मी मत्सरी आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हृदय नसताना कोणी जळतं कसं, असा तुम्हाला प्रश्न पडेल. कापूस पुरतो.

पण खरी आग त्या फोननंतर लागली.

मुलगी जिन्यावरून घसरली होती. पाय दोन ठिकाणी मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि घरात ती एकटी. काकूंनी फोन मोठ्या आवाजावर करून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना एकदमच काळजी करता येईल.

"आई, तू काही येऊ नकोस. मी करते कसंतरी."

"कसंतरी म्हणजे कसं? एका पायावर?"

मी तेवीस वर्षं एका पायावर उभा आहे, हे यावेळी कोणाच्याही लक्षात आलं नाही.

"अगं पण आलीस तरी तुला स्टेशनवर घ्यायला कोण येणार? विमानतळावर माझी एक मैत्रीण कामाला आहे, ती तुला रेल्वेत बसवून देईल. पण पुढे? स्टेशनपासून माझं घर वीस मिनिटं. सगळ्या अरुंद गल्ल्या आणि पायऱ्या, गाडी येतच नाही. फोनवरचा नकाशाही इथे गोंधळतो, त्याचा बाण नुसता गोल गोल फिरतो. लोकांना विचारत विचारतच यावं लागतं. आणि ते सांगणार फ्रेंचमध्ये."

"मग मी फ्रेंच शिकते."



"आई, तू?"

"तिकीट चोवीस दिवसांनंतरचं काढा," काकू काकांना म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काजवालीने दोरा दातांनी तोडला. "अहो काकू, तुम्हाला बोलायचंय कुठे? समोरचा सांगेल तिकडे वळायचं. ते तर बैलालाही जमतं."

"म्हणजे मी बैल?"

"नाही हो. बैलाला शिकवायला मालक असतो. तुम्हाला पुस्तक आणावं लागेल."

आणि काकूंनी पुस्तक आणलं.

मित्रांनो, त्या पुस्तकाबद्दल मी निःपक्षपातीपणे सांगतो. ते तळहाताएवढं होतं, लाल होतं, आधी कोणीतरी वापरून टाकलेलं होतं आणि त्याच्या पाठीवर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं. नाव होतं 'वाटसरूची फ्रेंच: ऐका आणि वळा'. आत फ्रेंच आज्ञा आपल्या अक्षरांत लिहिलेल्या होत्या आणि शेजारी त्यांचा अर्थ. बस, एवढंच. त्याला ना खांदे, ना कंबर. तरी काकूंनी ते ॲप्रनच्या खिशात ठेवलं, जिथे आजवर खडू आणि छोटी कात्री राहायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला उरलेल्या मखमलीचं कव्हर शिवलं. मला तेवीस वर्षं जुनी चादर, आणि ह्या कालच्या पोराला मखमल.

आता काकू टाचण्या तोंडात धरून माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्या पुस्तकाशी बोलू लागल्या.

पण पुस्तकाला वळता येत नाही. मला येतं. माझा पाय लोखंडी दांड्यात बसवलेला आहे आणि त्याचा स्क्रू जरा सैल आहे, त्यामुळे मी छान फिरतो. तिसऱ्या दिवशी काकू माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या, पुस्तक उघडलं आणि मला म्हणाल्या, "तुर्ने आ गोश." म्हणजे डावीकडे वळा. आणि त्यांनी मला माझ्या डावीकडे वळवलं. "तुर्ने आ द्र्वात." उजवीकडे वळा. मी उजवीकडे वळलो. "आले तू द्र्वा." सरळ जा. मला सरळ दारापर्यंत ढकलत नेलं. "आरेते-वू." थांबा. मी थांबलो. थांबण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

आठ दिवसांत मी दुकानातला सगळ्यात हुशार विद्यार्थी झालो. काकूंनी दोन चिंध्यांवर लाल दोऱ्याने अक्षरं भरली. एकीवर 'गोश', ती माझ्या डाव्या खांद्यावर शिवली. दुसरीवर 'द्र्वात', ती उजव्या. त्या दिवशी मी काचेतल्या बाईकडे पाहिलं असतं, मला डोळे असते तर.

दुकानाचीही भाषा बदलली. काकू काकांना म्हणाल्या, "आताँदे," म्हणजे थांबा, आणि काका थांबले. इस्त्रीही थांबली, एका पांढऱ्या कोटावर. माप द्यायला आलेल्या एका नर्सला काकू चुकून "तुर्ने" म्हणाल्या, तर ती निमूट वळली. शिवणकामातला हा काही नवा शब्द असेल असं तिला वाटलं. पुढच्या खेपेला ती सांगत होती की घरी नवऱ्यालाही हा शब्द लागू पडतो.

"तुम्हाला येतंय हो काकू," काजवाली म्हणायची. "मलासुद्धा यायला लागलंय, आणि मला कुठे जायचं नाही."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिंपी माप घेताना गिऱ्हाइकाच्या समोर उभा राहतो. तो 'डावा खांदा' म्हणतो तेव्हा तो गिऱ्हाइकाचा डावा खांदा असतो. शिंप्याच्या तो उजव्या हाताला येतो. काकूंनी चाळीस वर्षं असं काम केलं आणि हळूहळू स्वतःचं डावं-उजवं कायमचं गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. काकू रस्त्यातसुद्धा 'डावीकडे' म्हणतात आणि उजवा हात करतात. स्कूटरवर मागे बसून त्या 'डावीकडे घ्या' म्हणाल्या की काका निमूट उजवीकडे वळतात. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, काका एकदाही चुकलेले नाहीत. मुलगीही लहानपणापासून आईचं डावं उजवं करूनच ऐकते. काकू एकट्या जातात ते ओळखीच्या रस्त्यांनी, आणि ओळखीच्या रस्त्याला डावं-उजवं लागतच नाही, चपला आपोआप जातात. त्यामुळे काकूंना आजवर कधी कळलंच नाही. घरातल्या सगळ्यांनी त्यांची चूक इतक्या प्रेमाने सांभाळली होती की ती चूक आहे हे सगळेच विसरले होते.

आणि आता काकू माझ्या समोर उभ्या राहून फ्रेंच शिकत होत्या. माझ्या डाव्या खांद्यावरचं 'गोश' त्यांच्या उजव्या हाताला, इस्त्रीच्या टेबलाच्या बाजूला येत होतं. त्या पुस्तकातून 'तुर्ने आ गोश' वाचायच्या आणि पर्स खांद्याला लावून ठामपणे इस्त्रीच्या टेबलाकडे चालू लागायच्या. उजवीकडे.

नवव्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं. सगळ्या दुकानात फक्त माझ्याच, कारण ती चूक माझ्या अंगावर शिवलेली होती.

मित्रांनो, यावेळी मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, आता हे मखमली पुस्तक काकूंना परदेशी नेऊन चुकवणार. काकू परत येतील, त्याला रद्दीत घालतील आणि माझ्याकडे येऊन टाचण्या तोंडात धरून म्हणतील, शेवटी तूच रे. मखमलीची मला टोपी शिवतील. डोकं नाही ही अडचण होती, पण ती नंतर बघता आली असती.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम झाली. काकूंची मोठी बॅग भरून दुकानात आणून ठेवली होती, नेमकी माझ्या पुढ्यात. काका स्टुलावर उभे राहून फ्रेंच गृहस्थ झाले. त्यासाठी त्यांनी गळ्यात टॉवेल गुंडाळला.

"टॉवेल कशाला?" काजवालीने विचारलं.

"तिकडे थंडी असते."

"मग स्टुलावर कशाला?"

"तिकडची माणसं उंच असतात."

बॅग पुढ्यात असल्यामुळे काकू पहिल्यांदाच माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. माझी छाती आणि त्यांचं तोंड, दोघांचीही दिशा एकच. चिंध्या खांद्यांवरून मागेही लोंबत होत्या. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग परत चिंध्यांकडे.

"अहो, काहीतरी उलटं वाटतंय," त्या म्हणाल्या.

काका स्टुलावर गप्प. ते गप्प बसण्यात मुरलेले होते.

"गोश इकडे कसं आलं? माझ्या ह्या हाताला?"

आणखी एक श्वास, आणि काकूंना कळलं असतं. तेवढ्यात मी फिरलो. माझा स्क्रू सैल आहे, खिडकी उघडी होती, वारा आला असेल, असं मी म्हणू शकतो. पण मित्रांनो, वारा नव्हता. मी कुरकुरत, हळूहळू, पूर्ण अर्धा गोल फिरलो आणि काकूंच्या समोर आलो. गोश पुन्हा त्यांच्या उजव्या हाताला गेलं.

"हां, आता बरोबर," काकू म्हणाल्या आणि यावेळी खिडकीकडे चालू लागल्या, म्हणजे पुन्हा उजवीकडेच.

पुस्तकाला अद्दल घडावी म्हणून मी फिरलो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण त्याहून लहान होतं. उद्या काकू जाणार होत्या, आणि आज त्या माझ्या पाठीमागे उभ्या होत्या. मला त्या समोर हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पर्सच्या आतल्या कप्प्यात गेलं, पासपोर्टच्या शेजारी. माझ्या अंगावर चादर टाकली गेली.

त्यानंतरच्या रात्री, काकू पोचल्याच्या फोनची वाट बघत, आम्ही तिघं दुकानातच होतो. काका इस्त्री करत होते, काजवाली काजं करत होती आणि मी चादरीखाली होतो. मुलीचा फोन आला.

"बाबा, आई अजून आली नाही."

"येईल गं. चालत असेल."

"बाबा, तीन वाजता तिने स्टेशनवरून फोन केला, उतरले म्हणून. वीस मिनिटांचा रस्ता आहे. आता इथे साडेपाच झालेत, अंधार पडायला लागलाय. तिचा फोन बंद लागतोय. मी खिडकीत बसलेय. खाली उतरताही येत नाही मला."

काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. 

"तिला कोणीतरी डावीकडे सांगितलं असेल," ते म्हणाले.

"मग?"

"मग ती उजवीकडे गेली असेल."



"बाबा, तुम्ही तिला कधी सांगितलंच नाही?"

"तू सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल आणि तिने ऐकलं नसेल."

"मला वाटलं तिला वाईट वाटेल," काका म्हणाले. "पहिल्या वर्षी वाटलं. मग पस्तीस वर्षं झाली. आता कोणत्या तोंडाने सांगायचं?"

काजवालीने सुई उशीत टोचली. "मला तर वाटायचं शिंप्यांचं असंच असतं," ती म्हणाली. "मी पण उलटंच ऐकते त्यांचं. उजवीकडचा डबा म्हणाल्या की डावीकडचा देते."

मित्रांनो, मी चादरीखाली सगळं ऐकत होतो. मला कान नाहीत, म्हणून ते झाकताही येत नाहीत. ज्या परक्या गावात प्रत्येक भला माणूस काकूंना बरोबर वाट सांगत असेल आणि काकू प्रत्येक वेळी त्याचे आभार मानून उलट्या दिशेला जात असतील, ते गाव मला दिसू लागलं. पायऱ्या, अंधार, थंडी, आणि काकूंच्या हातात ती जड बॅग. पुस्तकावर मला राग काढता येईना. त्यात 'गोश म्हणजे डावीकडे' असं स्वच्छ छापलेलं होतं. त्याने कोणाला चुकवलं नव्हतं. अर्धा गोल मी फिरलो होतो.

काका दुकान बंद करून घरी गेले नाहीत. काजवालीही गेली नाही. तिने एकाच शर्टाला नऊ काजं केली. त्याला बटणं सातच होती.

सव्वा तासाने फोन वाजला.

"अहो," काकूंचा आवाज आला. "पोचले."

काका खाली बसले. खुर्ची जरा बाजूला होती, पण ते जमिनीवर बसले तरी चाललं.

"कुठे होतीस इतका वेळ?"

"नदीवर. स्टेशनबाहेर एक टपालवाला भेटला, तुर्ने आ गोश म्हणाला. वळले, तर पुढे नदी. परत आले. कुत्र्याला फिरवणारी एक बाई भेटली. तीही गोश म्हणाली. गेले, तर नदीच. मी म्हटलं ह्या गावात जिकडे वळावं तिकडे नदी आहे की काय. आणि त्या पुस्तकात 'अहो, पण इथे नदी आहे' असं एक वाक्य असेल तर शपथ. फोन थंडीने बंद पडला. चौथ्यांदा नदीवर गेले तेव्हा मात्र बॅगेवर बसून रडले थोडी. लेक वर एकटी, आणि मी खाली नदी बघतेय."

"मग?"

"मग एका गल्लीत उजेड दिसला. कपडे दुरुस्त करायचं दुकान. आत एक बाई, तोंडात टाचण्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पत्त्याची चिठ्ठी दाखवली. ती म्हणाली, आले तू द्र्वा, मग आ गोश. टाचण्यांतून बोलली ना, एकेक शब्द कळला. मी म्हटलं वुई वुई, म्हणजे हो हो, गोश, आणि हात केला. तर ती माझ्या हाताकडे बघतच राहिली."

"हसली?"

"नाही हो. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. अगदी खांद्याला खांदा लावून, दोघींची तोंडं दाराकडे. माझा डावा हात धरून वर केला. आ गोश, म्हणाली. मग दुसरा. आ द्र्वात. मग तिच्या दुकानातल्या पुतळ्यासमोर जाऊन उभी राहिली, उजवा हात केला, आ गोश म्हणाली आणि कपाळाला हात लावला. अहो, तिचंही तेच. ती पण पूर्वी अशीच चुकायची. मग आम्ही दोघी हसलो, बराच वेळ. ती म्हणत होती, स्वीव्हे-म्वा, माझ्या मागून या, मी पोचवते. मी म्हटलं, नाही, मेर्सी, आभार. इथून पुढे माझी मी जाते. आणि आले. एकदाही चुकले नाही."

फोनवर मुलीचा आवाज आला. "बाबा, दार उघडलं तर मला म्हणते, आताँदे, आधी तुझा पाय बघू दे."

काकांनी घसा खाकरला. "अगं, तुला एक सांगायचं होतं. पस्तीस वर्षं म्हणजे..."

"माहीत झालंय आता," काकू म्हणाल्या. "परत आले की बघते तुमच्याकडे. सगळ्यांकडे. आणि पुतळ्यावरची चादर काढून ठेवा, कोंदट वास लागतो त्याला."

माझ्याबद्दल एवढंच वाक्य आलं. मी ते अजून जपून ठेवलंय.

काकांनी चादर काढली. मग आजूबाजूला कोणी बघत नाही असं समजून, म्हणजे काजवाली बघत असताना, त्यांनी मला दाराकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. डावा हात वर केला. "आ गोश," म्हणाले. आता काकू डावीकडे म्हणतील तेव्हा त्यांना खरंच डावीकडे वळावं लागणार आहे, आणि त्याची त्यांना सवय नाही. आम्ही रोज सराव करतो. परवा त्यांनी स्कूटर एका कुंडीवर घातली. म्हणजे प्रगती आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात कोणी काही शिकत असेल, आजी फोन शिकत असेल, आई सायकल शिकत असेल, तर त्यांच्या शेजारी उभे राहा. समोर उभं राहिलं की त्यांना आपण दिसतो, वाट दिसत नाही. आणि कोणी चुकत असेल तर त्याला लवकर सांगा. पस्तीस वर्षं थांबू नका. वाईट वाटलं तरी ते घरातल्या घरात वाटेल, परक्या गावात बॅगेवर बसून नाही.

हे सगळं मला मनापासून पटलेलं आहे. पण काल मुलीने फोटो पाठवला. काकू आता रोज दुपारी लेक झोपली की त्या बाईच्या दुकानात जाऊन बसतात, आणि फोटोत त्यांचा हात तिथल्या पुतळ्याच्या खांद्यावर आहे. त्याला माझ्यासारखंच डोकं नाही. कंबर माझ्याहून बारीक आहे. आणि त्याला खाली चाकं आहेत. तीन. काकांनी तो फोटो माझ्यासमोर धरून मला दाखवला, चांगल्या मनानेच दाखवला, आणि माझ्यातला कापूस पुन्हा तापला.

म्हणून जाता जाता एकच विनंती. जुन्या वस्तूंची काळजी घ्या. त्यांच्यावर चादर टाकलीत तर मधूनमधून काढत जा, त्यांच्याशी दोन शब्द बोला. चाकं असलेल्यांशी नाही बोललात तरी चालेल. त्यांचं कुठेही जमतं.